होज तुटला तर?

हवेचा होज पाइप घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: टिकेल किती? प्रश्न रास्तच आहे. पण रेल्वेच्या इतिहासाने आपल्याला आणखी एक प्रश्न विचारायला शिकवलं. तो तुटला, तर काय होईल?

१८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी अमेरिकेत हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनावर हवा दाबून साठवायची आणि ब्रेक लावताना ती नळीतून डब्यांखालच्या सिलिंडरांत सोडायची. दोन डब्यांच्या मध्ये मात्र लोखंडी नळी चालेना. गाडी वळणार, हिसके बसणार. तिथे रबरी होज आला आणि तोच कच्चा दुवा ठरला. होज फाटला की ब्रेक गेला, आणि ते कळायचं नेमकं ब्रेक लावताना!

१८७२ मध्ये वेस्टिंगहाउसनी विचार उलटा केला. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची, शिवाय प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी. नळीतला दाब उतरला की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावते. होज रबरीच राहिला. पण आता तो तुटला की गाडी थांबू लागली.

हा धडा सगळ्यांनी लगेच घेतला नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली. तिला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण आपोआप लागणारा नव्हता. मागचे डबे सोडवले, नळी सुटली, त्यांचा ब्रेक गेला. डबे उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

म्हणून गॅरेजसाठी होज निवडतानाही दोन्ही प्रश्न विचारावेत, असं आम्ही म्हणतो. टिकण्यासाठी: पाइपावर छापलेला कामाचा दाब कॉम्प्रेसरच्या कमाल दाबाहून जास्त हवा, आतलं अस्तर तेल सोसणारं हवं. आणि तुटला तर? जोडाला सुरक्षा-दोर हवा, नाहीतर सुटलेलं टोक चाबकासारखं फटकारतं. मुळाशी अशी झडप हवी, जी हवा एकदम धावू लागली की स्वतःच मिटते. अमेरिकेच्या बांधकाम-नियमांत अर्ध्या इंचाहून मोठ्या होजला, तो फुटल्यास दाब उतरवणारं साधन सक्तीचं आहे.

रबर कधीतरी फाटणारच. त्या दिवसाचा विचार खरेदीच्या दिवशीच व्हायला हवा.