भाराची चांदी

सोनं बागाईतवाल्याचं आणि चांदी जिराईतवाल्याची, असं आमच्या तासगाव भागातली जुनी माणसं म्हणायची. माझ्या लहानपणी गावात बँक नव्हती. ज्वारी विकून चार पैसे उरले की सोनाराकडं जायचं आणि घरच्या बाईच्या अंगावर चांदी घालायची. पायात तोडे, वाळे, बोटांत जोडवी, दंडात वाकी, पोरांच्या कमरेला करगोटा. पीक बुडालं की त्यातलंच काहीतरी परत सोनाराच्या दारात जायचं.

ही चांदी भारात मोजायचे. एक भार म्हणजे एका रुपयाचं वजन, आजच्या हिशेबात 11.66 ग्रॅम. इंग्रजांच्या रुपयात 12 भागांतले 11 भाग चांदी असायची. म्हणून राणीछाप रुपये सोनारापुढं मोजून टाकायचे आणि डोळ्यांदेखत आटवून त्याचे दागिने करून घ्यायचे. त्यात फसायची भीती कमी. पुढं 1940 साली सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 साली रुपया निकेलचा झाला. चांदीचा रुपया बाजारातून गेला, पण भार हा शब्द राहिला. कोल्हापूरकडच्या हुपरीत तर या चांदीकामावर अख्खं गाव उभं राहिलं.

दागिना घासायचं काम दिवाळी, नागपंचमी आणि लग्नसराईच्या आधी निघायचं. आज्जी रिठे रात्रीच कोमट पाण्यात भिजत घालायची. सकाळी ते चोळून फेस काढायचा, दागिने त्यात तासभर ठेवायचे आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचे. नक्षीत मळ बसला असला तर कुंचल्याच्या केसांनी हळूच काढायचा. एखादी नवी सून चुलीतली राख घेऊन बसली की आज्जी लगेच म्हणायची, "आगं, राखंनं घासू नगं. भांडं झिजलं तर चालतंय, ह्यो पैका हाय." बरोबरच होतं तिचं. राखेतले खडे चांदीला ओरखडतात आणि दर घासणीला चिमूटभर चांदी पाण्याबरोबर मोरीत जाते.

1972 च्या दुष्काळात आईचे तोडे गेले. सोनाराकडं न्यायच्या आदल्या दिवशी तिनं ते रिठ्यात घातले. विकायचेच तर घासायचे कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मळ दिसला की सोनार घट जास्ती धरतोय." 40 भाराचे तोडे होते. त्यातून कडबा आला आणि बैलजोडी जगली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, त्याच बैलांनी पेरणी केली. तोडे मात्र परत झाले नाहीत.

चांदी काळी का पडते, हे आम्हाला द्राक्षबागांनी शिकवलं. भुरी येऊ नये म्हणून बागेत गंधक धुरळतात. त्या दिवसांत बागेत कामाला जाणाऱ्या बायकांची पैंजणं आठवड्यात काळीठिक्कर पडायची. कुणी म्हणायचं अंगात उष्णता झाली, कुणी म्हणायचं चांदी खोटी. खरं कारण गंधकाचं. हवेत, घामात, कांद्यात, अंड्यातही थोडा गंधक असतो. तो चांदीला धरला की वर काळा थर चढतो. काळी पडली म्हणून चांदी खोटी होत नाही. पण "खोटी दिसतीया" असं ऐकून कितीतरी बायकांनी चांगली चांदी पडत्या भावात दिली.

माझी नात शाळेतून एक युक्ती शिकून आली. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कढत पाणी घ्यायचं, चमचाभर खायचा सोडा आणि तेवढंच मीठ टाकायचं, आणि दागिना पातेल्याच्या तळाला टेकेल असा ठेवायचा. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागेवर राहते. चार-पाच मिनिटांत काळेपणा उतरतो, थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो. यात घासणं नाही, म्हणून झीज नाही. मात्र खड्याचा किंवा आत लाख भरलेला दागिना कढत पाण्यात घालायचा नाही, लाख वितळते. नक्षीत मुद्दाम ठेवलेली काळी रेघही यात जाते, तिथं आपला रिठाच बरा. पोकळ वाळ्यात पाणी राहतं, ते झटकून पूर्ण वाळवावं. मग सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवावं. रबर लावू नये, त्यातही गंधक असतो.

दारावर "पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्याच्या हातात तर दागिना देऊच नये. तो तेजाबात बुडवतो. दागिना चकाकून परत येतो, पण त्यातली काही चांदी त्याच्या भांड्यातच राहते आणि नुसत्या डोळ्यांना घट कळत नाही. आमच्या घरात आता प्रत्येक दागिन्याचं वजन वहीत लिहिलेलं आहे. सूनबाई दर दिवाळीला तो धुतल्यावर काट्यावर ठेवते, आकडा जुळला की मगच पेटी बंद करते.