भारतातील रेडिओ ज्योतिषशास्त्र

खस्थ पदार्थांपासून येणाऱ्या रेडिओ तरंगांच्या साहाय्याने विश्वाचा अभ्यास करणाऱ्या ज्योतिषशास्त्राच्या शाखेला रेडिओ ज्योतिषशास्त्र म्हणतात. आकाशगंगेकडून रेडिओ तरंग येतात, हे अमेरिकेतील कार्ल जॅन्स्की यांना १९३२ च्या सुमारास प्रथम आढळले. दुसऱ्या महायुद्धात रडारचे तंत्र विकसित झाले आणि युद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व नेदर्लंड्‌स या देशांत ही शाखा झपाट्याने वाढली. भारतात तिचा पाया १९६० नंतरच्या दशकात घातला गेला. परदेशातून तयार यंत्रे विकत न घेता देशातील भूरचना, हवामान आणि अभियांत्रिकी कौशल्य यांचाच उपयोग करून जागतिक दर्जाची साधने उभारणे, हे भारतातील या शास्त्राच्या इतिहासाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

तरंगलांबीचा प्रश्न : दूरदर्शकाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळ दिसणाऱ्या दोन बिंदूंना वेगळे ओळखण्याची शक्ती, तरंगलांबी व दूरदर्शकाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. रेडिओ तरंगांची लांबी दृश्य प्रकाशाच्या लक्षावधी पट असल्यामुळे तितकीच सूक्ष्मता साधण्यासाठी रेडिओ दूरदर्शक अतिशय मोठा असावा लागतो. मात्र याला दुसरी बाजूही आहे. परावर्तक पृष्ठात तरंगलांबीच्या सु. विसाव्या भागाइतकी त्रुटी असली, तरी काम भागते. सुमारे एक मीटर लांबीच्या तरंगांसाठी गुळगुळीत पत्र्याची गरज नसून तारांची विरळ जाळीही पुरेशी होते. ज्या देशाजवळ पैसा थोडा पण जागा व मनुष्यबळ पुष्कळ, त्याने दीर्घ तरंगलांबीचे क्षेत्र निवडावे, हा विचार भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढील सर्व कार्यामागे होता.

प्रारंभ : या कार्याचे प्रणेते गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियात सिडनी येथे आणि नंतर अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे संशोधन केले. सप्टेंबर १९६१ मध्ये स्वरूप, टी. कृष्णन, एम. आर. कुंडू व टी. के. मेनन या परदेशात काम करणाऱ्या चार तरुण शास्त्रज्ञांनी भारतातील काही प्रमुख वैज्ञानिकांना पत्र लिहून मायदेशी परतून एकत्रितपणे संशोधन करण्याची तयारी दर्शविली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांनी ही कल्पना तत्काळ उचलून धरली. जानेवारी १९६२ मध्ये त्यांची संमती आली आणि १९६३ मध्ये स्वरूप मुंबईस त्या संस्थेत रुजू झाले.

कल्याण येथील व्यतिकरणमापक : सिडनीजवळ वापरून बाजूला ठेवलेल्या १·८ मी. व्यासाच्या ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारतास भेट म्हणून दिल्या होत्या. त्या प्रथम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आल्या व पुढे टाटा संस्थेकडे सोपविण्यात आल्या. मुंबईनजीक कल्याण येथे त्यांपैकी २४ पूर्व-पश्चिम व ८ दक्षिणोत्तर रांगेत मांडून १९६५ मध्ये भारतातील पहिला रेडिओ दूरदर्शक कार्यान्वित झाला. ६१० मेगॅहर्ट्‌झ (१ मेगॅहर्ट्‌झ म्हणजे दर सेकंदास १० लक्ष कंपने) या कंप्रतेवर त्याने सूर्याच्या रेडिओ प्रारणाचा अभ्यास करण्यात आला. या उपकरणापासून मिळालेल्या निष्कर्षांइतकेच महत्त्व त्यावर तयार झालेल्या संशोधकांच्या व अभियंत्यांच्या गटास आहे. पुढील दोन्ही मोठे प्रकल्प याच गटातून आकारास आले.

उटकमंड येथील दूरदर्शक : १९६३ मध्येच स्वरूप यांनी याहून मोठ्या योजनेचा विचार सुरू केला होता. दूरच्या रेडिओ उद्‌गमांचे स्थान व आकार अचूकपणे ठरविण्यासाठी चंद्राकडून होणाऱ्या पिधानाचा उपयोग करता येतो. चंद्र उद्‌गमासमोर येताना तरंग ज्या क्षणी व ज्या रीतीने मंदावतात, त्यांवरून काही विकलांपर्यंतची सूक्ष्मता साधते, कारण चंद्रकडेचे स्थान गणिताने माहीत असते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात याच पद्धतीने ३सी २७३ या उद्‌गमाचे स्थान निश्चित झाले आणि त्यातून पहिल्या क्वासाराची ओळख पटली. तथापि चंद्राबरोबर तासन्‌तास फिरत राहील असा मोठा दूरदर्शक त्यासाठी आवश्यक होता.

विषुववृत्ताजवळ असलेल्या देशास येथे एक नैसर्गिक लाभ होता. निलगिरी पर्वतात उटकमंडजवळ (आताचे उदगमंडलम्‌) एका टेकडीचा दक्षिणोत्तर उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे सु. ११° आढळला. या उतारावर बसविलेला लांब दंडगोलाकार अन्वस्तीय परावर्तक आपोआपच पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. मग तो केवळ एका अक्षाभोवती फिरविला, की आकाशातील उद्‌गमाचा दररोज सु. साडेनऊ तास पाठलाग करता येतो. या तत्त्वावर ५३० मी. लांब व ३० मी. रुंद दूरदर्शक बांधण्यात आला. त्याचे परावर्तक पृष्ठ २४ पोलादी चौकटींवर ताणलेल्या सु. १,१०० अगंज पोलादी तारांचे आहे. आराखडा व बांधणी भारतातच झाली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ३२६·५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर निरीक्षणे सुरू झाली. भाभा यांचे १९६६ मध्ये अपघाती निधन झाल्यामुळे त्यांना हे काम पूर्ण झालेले पाहता आले नाही.

विश्वस्थितिशास्त्रातील वाद : विश्वास आरंभ होता की ते सदैव आजच्यासारखेच होते, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाचे सरासरी स्वरूप सर्व काळी सारखेच असते. महास्फोट सिद्धांतानुसार मात्र ते काळानुसार बदलते. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लागल्याने दुसऱ्या सिद्धांतास बळ मिळाले होते. उटकमंड येथे पिधानाच्या पद्धतीने एक हजाराहून अधिक मंद रेडिओ उद्‌गमांचे कोनीय आकार मोजण्यात आले. स्वरूप व विजय कपाही यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार या आकारांचा व तेजस्वितेचा संबंध लावण्यासाठी रेडिओ उद्‌गमांचे गुणधर्म भूतकाळात वेगळे होते, असे मानावे लागते. हा निष्कर्ष स्थिर स्थिती सिद्धांतास प्रतिकूल होता. या सिद्धांताचे जगातील एक प्रमुख पुरस्कर्ते, कोल्हापूर येथे जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५), हे १९७२ पासून त्याच संस्थेत प्राध्यापक होते. एकाच संस्थेत निरीक्षक व सिद्धांतकार परस्परविरोधी भूमिकांवरून मोकळेपणाने संशोधन करीत होते, ही गोष्ट त्या संस्थेतील वैज्ञानिक वातावरणाची द्योतक आहे.

खोडद येथील महाकाय दूरदर्शक : १९८० नंतर मीटर तरंगलांबीवर काम करणाऱ्या, त्याहून पुष्कळ मोठ्या साधनाची कल्पना पुढे आली. १९८७ मध्ये तिला शासनाची मान्यता मिळाली. जागेची निवड करताना रेडिओ गोंगाट कमी असणे, वाऱ्याचा वेग बेताचा असणे, हिमवर्षाव नसणे व भोवती टेकड्यांचा आडोसा असणे, या बाबी विचारात घेण्यात आल्या. या दृष्टीने पुण्याच्या उत्तरेस सु. ८० किमी.वर नारायणगावजवळचे खोडद हे गाव योग्य ठरले. येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या उभारण्यात आल्या. त्यांपैकी १४ मध्यवर्ती सु. एक चौ. किमी. क्षेत्रात असून १६ तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांतील अंतर सु. २५ किमी. असल्याने त्या सर्व मिळून तेवढ्या व्यासाच्या दूरदर्शकाची सूक्ष्मता देतात.

एवढ्या तबकड्या परवडण्यासाठी स्वरूप यांनी नवी रचना योजली. तीत भरीव पृष्ठाऐवजी अगंज पोलादाच्या ०·५५ मिमी. जाडीच्या तारांची जाळी दोरांच्या आधारे ताणून बसविली आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे आधाराचा सांगाडा हलका करता येतो. बर्फ पडणाऱ्या देशांत अशी रचना टिकणे अवघड झाले असते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालविला जाणारा हा दूरदर्शक २००१ मध्ये जगातील सर्व ज्योतिर्विदांसाठी खुला करण्यात आला. आलेल्या प्रस्तावांची गुणवत्ता पाहून निरीक्षणाचा वेळ दिला जातो.

उद्दिष्ट व फलनिष्पत्ती : उदासीन हायड्रोजन २१ सेंमी. लांबीचे तरंग उत्सर्जित करतो. विश्वाच्या प्रसरणामुळे अतिदूरच्या वायूपासून निघालेले हे तरंग आपल्यापर्यंत येईतो लांबतात. दीर्घिका बनण्यापूर्वीचे हायड्रोजनाचे प्रचंड मेघ याच खुणेवरून सापडावेत, हे या दूरदर्शकाचे एक मूळ उद्दिष्ट होते. असे मेघ आढळले नाहीत व सिद्धांतही दरम्यान बदलला. परंतु त्याच साधनाने २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सु. ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनाचे सरासरी प्रमाण मोजण्यात आले. हा वायू त्या वेळच्या ताऱ्यांच्या निर्मितीस फक्त एक-दोन अब्ज वर्षे पुरेल इतकाच होता, असे दिसून आले. विश्वातील ताराजन्माचा वेग नंतर का मंदावला, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते. २००४ मध्ये या दूरदर्शकाने एनजीसी १८५१ या तारकागुच्छातील पल्सार शोधला. २०२३ मध्ये अतिमंद कंप्रतेच्या गुरुत्वीय तरंगांचा पुरावा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधनातही त्याच्या निरीक्षणांचा वाटा होता. २०१९ पर्यंत त्याची ग्राही यंत्रणा बदलून १२० ते १,४५० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्याचा बहुतेक भाग तिच्या टप्प्यात आणण्यात आला.

आजची अडचण : आकाशातून येणारे संकेत अत्यंत क्षीण असल्यामुळे भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणीचे संकेतवर्धक, विद्युत्‌वाहिन्यांतील ठिणग्या व उपग्रह यांपासून होणारा रेडिओ गोंगाट त्यांना सहज झाकून टाकतो. खोडदचा परिसर १९८० नंतरच्या दशकात शांत होता. आता तेथे वस्ती, उद्योग व दळणवळण वाढले असून पुणे–नाशिक जलद लोहमार्गाच्या आखणीतही दूरदर्शकाच्या संरक्षणाचा प्रश्न उपस्थित झाला. परिसरातील लोकांच्या सोयी व दूरदर्शकास लागणारी शांतता या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. टेकडीचा उतार, मंद वारा व शांत आकाश या नैसर्गिक देणग्यांवर भारतातील रेडिओ ज्योतिषशास्त्र उभे राहिले. त्यांपैकी शांत आकाश मात्र गमावले, तर कितीही खर्च करून ते पुन्हा उभारता येणार नाही.