सादिल खात्याची गोष्ट



मागचे दोन वीकएंड इथे काही लिहिलं नाही, कारण वाळूजला एका क्लायंटकडे इयर-एंड चालू होतं. आज त्यातलंच सांगतो. विषय ऐकून पळू नका... चार्ट ऑफ अकाउंट्स!

ज्यांनी ही भानगड कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी : कंपनीत ईआरपी बसवताना आधी खात्यांची यादी करावी लागते. वीजबिल कुठे पडणार, पगार कुठे, भंगार विकून आलेले पैसे कुठे. प्रत्येक खात्याला एक नंबर. त्यानंतर कंपनीत हलणारा प्रत्येक रुपया यातल्या कुठल्यातरी नंबरावर जाऊन बसलाच पाहिजे. आणि एकदा खात्यावर नोंद पडली की ते खातं डिलीट होत नाही, फार तर ब्लॉक करता येतं.

या क्लायंटच्या जुन्या पॅकेजमध्ये अकराशेच्या वर खाती होती. आमच्या टेम्प्लेटमध्ये चारशे. मी पडलो इंजिनिअर, अकराशेची ती एक्सेल शीट बघूनच डोकं उठलं. अकाउंट्सचे काका (रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं) शेजारी बसून एकेका खात्यासाठी भांडत होते आणि मी वर्षाला दहा-बारा नोंदी पडणारी खाती सरळ 'किरकोळ खर्च'मध्ये मॅप करत सुटलो होतो. शेवटी काका वैतागून म्हणाले, "टाका साहेब, सगळंच सादिलमध्ये टाका!"

सादिल? हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. काकांचे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. शाळेला खडू-झाडू अशा वरखर्चासाठी जे पैसे मिळतात त्याला सादिल म्हणतात, एवढं त्यांनी सांगितलं आणि चहा प्यायला निघून गेले. मला मात्र शब्द चिकटला. त्या शनिवारी घरी बसून शोधत गेलो.

मूळ अरबी जोडी आहे, सादिर आणि वारिद. जाणारा आणि येणारा. गावात किंवा कचेरीत जी येणारी-जाणारी माणसं असतात त्यांच्यासाठी होणारा खर्च. मराठीत त्याचं सादिलवार झालं, आणि आता शेपूट गळून नुसतं सादिल.

पण या शब्दाची खरी मजा पेशवाईत आहे. म्हणजे गोष्ट पुण्याची, कारण आमचं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाकडे होतं. तसं हिशेबाच्या बाबतीत आम्हीही काही कमी नाही हं. इथून पंधरा किलोमीटरवरच्या देवगिरीला तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, 'श्रीकरणाधिप' होता, म्हणजे दप्तराचा मुख्य अधिकारी. कारकुनांसाठी लिहिण्या-ठेवण्याचे नियम, ज्याला मेस्तक म्हणतात, ते त्यानेच घालून दिले असं परंपरा मानते. मोडी लिपीही त्याच्याच नावावर खपते, पण तो वाद इथे नको.

तर पुण्याचं हुजूर दप्तर. आडनावांपासून सुरुवात करा : फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, पोतनीस, चिटणीस. ही सगळी हिशेब आणि कागदपत्र सांभाळणारी पदं. जिल्ह्यावरच्या मामलेदाराने परस्पर काही करू नये म्हणून त्याच्याभोवती असे आठ दरकदार बसवलेले असत. आमच्या भाषेत सेग्रिगेशन ऑफ ड्युटीज. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत चढायचा, तिथून खात्याखात्याने खतावणीत. पुण्यात 'एकबेरीज' नावाचं एक वेगळं दप्तरच होतं. बाकी सगळ्या दप्तरांचे हिशेब तिथे यायचे आणि त्यावरून तर्जुमे, म्हणजे राज्याच्या जमा-खर्च-बाकीचे गोषवारे, बनायचे. शिवाय जमा-खर्चाच्या सगळ्या बाबींची नावांच्या क्रमाने लावलेली खतावणीही तिथेच, कुठल्या बाबीवर कुठल्या वर्षी किती ते पाहायला. मी हे वाचून उडालोच. हा सरळसरळ चार्ट ऑफ अकाउंट्स आहे, वर कन्सॉलिडेशन! भर काळात या कामावर दोनशेच्या आसपास कारकून होते म्हणतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र दप्तराकडे साफ दुर्लक्ष झालं.

आता सादिलवार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. त्याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखावर एक रिपोर्ट लिहिला, त्यात या पट्टीची हकिगत आहे. गावाकडून सरकारी साऱ्याशिवाय सादिलवार पट्टी गोळा व्हायची, कशासाठी तर अंमलदारांचा वरखर्च. यातूनच मामलेदार वरच्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप पैसे पोचवू लागले. होता होता ही लाच इतकी ठरलेली झाली की तिचा दर पडला, आणि मग तीही इतर खर्चासारखी रीतसर तपासली जाऊ लागली. (लाचेचं ऑडिट! विचार करा.) पण एकदा ती राजरोस झाल्यावर गुपचूप द्यायला काही उरलं नाही ना... मग त्यासाठी आणखी वेगळी वसुली सुरू झाली. असल्या नाजूक बाबीत तपासणारे फार खोल शिरत नसत, कारण त्यांचाच वाटा त्यात. मग मामलेदार वर द्यायचं त्याहून कितीतरी जास्त स्वतःसाठी उकळायचा. आणि हे सगळं शेवटी निघायचं कुणाच्या खिशातून? कुणब्याच्या.

म्हणजे आठ दरकदार, रोजकीर्द, खतावणी, सगळं जागच्या जागी होतं. गळती झाली ती बरोबर त्या एका खात्यातून, ज्यात काय बसतं हे कुणी नीट सांगूच शकत नव्हतं.

याच्या उलट टोक जर्मनीत सापडतं. मी काम करतो ते एसएपी जर्मन, १९७२ मध्ये सुरू झालेली कंपनी. एसएपीबरोबर वर्षानुवर्षं जे तयार चार्ट येत आले त्यात 'जीकेआर' नावाचा एक आहे. त्याचं घराणं जातं ऑयगेन श्मालेनबाख या प्राध्यापकापर्यंत. त्याने १९२७ मध्ये शून्य ते नऊ अशा दहा वर्गांत खाती बसवण्याची पद्धत पुस्तक लिहून मांडली, उद्देश असा की कारखान्यांना आपला खर्च एकमेकांशी ताडून बघता यावा. त्याची बायको ज्यू होती. १९३३ मध्ये त्याला विद्यापीठ सोडावं लागलं, आणि १९३७ मध्ये नाझी सरकारने त्याच धर्तीच्या खातेयाद्या उद्योगांवर सक्तीच्या केल्या. सरकारला कारखान्यांच्या आतलं सगळं बघायचं होतं. यादी चांगली की वाईट हे यादीकडे बघून कळतच नाही राव, विचारणारा कोण आणि त्याला काय हवंय ते बघावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर फ्लॅट घेताना भरलेलं स्टॅम्प ड्युटीचं चलन काढा. त्यावरचा हेड ००३० ने सुरू होतो. पहिलं शून्य म्हणजे महसुली जमा, ००३० म्हणजे मुद्रांक व नोंदणी. जमीन महसूल ००२९, आणि तो गोळा करण्याचा खर्च २०२९. दोनाने सुरू झालं की महसुली खर्च. एकदा लक्षात आलं की बजेटची पुस्तकं वाचायला मजा येते (हो, मी वाचतो. हसू नका).

असो. वाळूजला येतो.

मी 'किरकोळ'मध्ये ढकललेल्या खात्यांत एक होतं : कंत्राटी कामगार औषधोपचार. वर्षाला चौदा नोंदी. प्रेस शॉपमध्ये एका पोराची बोटं गेली होती, त्यानंतर काकांनी ते खातं स्वतःहून उघडलं होतं. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गो-लाइव्हनंतर आठ महिन्यांनी वरून प्रश्न आला, नवीन प्रेस लागल्यापासून कामगारांच्या दुखापती वाढल्यात का, दवाखान्याचा खर्च काढून द्या. मी रिपोर्ट मारला. किरकोळ खर्च, एकच आकडा. त्यात दवाखाना, हार-तुरे, दिवाळीची मिठाई, कुरिअर, सगळं एकत्र. नोंदींपुढे वर्णन लिहायची जागा होती, पण बहुतेकांनी तिथे नुसतं 'मिसलेनियस' टाकलेलं. ती फील्ड कंपल्सरी न करणाराही मीच.

काकांनी व्हाउचरच्या फायली काढल्या आणि बारा दिवस बसून एकेक कागद वेगळा केला. मी मदतीला बसलो होतो, पण खरं सांगायचं तर मला त्यांचं अक्षरही धड लागत नव्हतं. दुखापती वाढल्या होत्या.

एक शब्दही टोचून बोलले नाहीत. फक्त १ एप्रिलपासून नवीन खातं उघडायचं ठरलं तेव्हा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, नाव मी सांगतो, तुम्ही टाइप करा. छोट्या नावाला वीसच अक्षरांची जागा असते. पाच-सहा वेळा खोडून शेवटी एकदाचं बसवलं.