बेडकाचा चोळणा

पहिला पाऊस पडला की आम्ही कवी मंडळी बेडकाच्या डरावण्यावर ओळी जुळवू लागतो. पण बेडकाला चोळणा शिवून घालणारा आमच्यात कुणी निघाला नाही. तो निघाला अठराव्या शतकातल्या इटलीत. लाझारो स्पालान्झानी त्याचं नाव. कॅथलिक धर्मगुरू आणि पाव्हियाच्या विद्यापीठात प्राध्यापक.

आईच्या शरीराबाहेर फलन होतच नाही, असं थोर लिनियसनं सांगून ठेवलं होतं. इथे तर बेडकी पाण्यात अंडी सोडते आणि नर तिच्या पाठीवर मिठी मारून बसलेला असतो. मग तो करतो तरी काय? स्पालान्झानीनं नरांना तलम तॅफेटाचे चोळणे चढवले. मिठी तशीच राहिली, अंडीही पडली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. चोळण्यात सापडलेले थेंब त्यानं अंड्यांना लावले, तेव्हा मात्र बेडूकमासे वळवळू लागले. १७८० साली त्यानं हे छापलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. वीर्य त्यानं शोषकागदांतून गाळलं. खाली उतरलेल्या पाण्यातली ताकद गेली, कागदावर राहिलेल्या साक्यात ती शाबूत! शुक्राणू त्याला सूक्ष्मदर्शकातून दिसत होते. तरीही तो म्हणाला, हे नुसते परोपजीवी किडे. पिल्लू अंड्यात आधीपासूनच घडलेलं असतं, ही त्याची पक्की समजूत. हाताला लागलेलं मनानं नाकारलं. या कहाणीत मला सर्वांत जास्त अडवतं ते हेच. शुक्राणूंना त्यांचं श्रेय मिळालं १८२४ साली, प्रेव्हो आणि द्युमा यांनी गाळण्याचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा.

तरी एक गोष्ट सगळेच धरून चालले होते. मिठी ज्याची, बाप तोच.

१९७० साली जेफ्री पार्कर यांनी कीटकांच्या अभ्यासातून दाखवलं, की मादी एक आणि नर अनेक असले तर झुंज शुक्राणूंमध्येही चालते. बेडकांची ही झुंज तर उघड्या पाण्यातली. ऑस्ट्रेलियातल्या ज्या जातींत एका मादीला अनेक नर बिलगतात, त्यांची वृषणं शरीराच्या मानानं मोठी असतात, असं २००२ साली दिसून आलं. २००४ साली पिरेनीज पर्वतातून आलेली बातमी आणखी चमत्कारिक. जोडी निघून गेल्यावर तिथले काही नर ताज्या अंड्यांच्या पुंजक्यालाच मादीसारखी मिठी मारतात आणि राहून गेलेली अंडी फळवतात. शंभरातल्या चौऱ्याऐंशी पुंजक्यांवर अशी चाचेगिरी झालेली आढळली. काही पुंजक्यांत त्यामुळे जास्त अंडी फळली, म्हणजे बेडकीचाही फायदाच. आणि हे चाचे कुणी वेगळे नव्हेत. त्यांतले काही त्याच हंगामात दुसरीकडे रीतसर जोडी जमवूनही बसलेले.