पोटातले जंतू आणि कर्करोगाची लढाई

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन ह्यांनी मेलेल्या प्लेगजंतूंची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तेव्हा जंतू म्हणजे शत्रू, एवढेच लोकांस ठाऊक. परंतु हाफकिन ह्यांचे गुरू मेचनिकॉफ ह्यांनी पुढे दह्यातले जंतू आतड्यांस हितकर ठरतात, असे मत मांडले. शंभर वर्षांनी त्या विचाराला निराळीच दिशा लागली.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. कर्करोग त्यांस ब्रेक लावून ठेवतो. तो ब्रेक सोडवणारे औषध ते इम्युनोथेरपीचे. मात्र ते एकास लागू पडते, दुसऱ्यास नाही. असे का? २०१५ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले, की आतड्यांत जंतूच नसलेल्या उंदरांवर असले एक औषध निष्प्रभ ठरते. २०१८ साली तेथेच आढळले, की उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या रोग्यांस गुण कमी येतो. २०२१ साली इस्राएलमध्ये, औषध लागू न पडलेल्या दहा रोग्यांच्या आतड्यांत बऱ्या झालेल्यांच्या विष्ठेतील जंतू सोडून तेच औषध पुन्हा दिले. तिघांच्या गाठी आक्रसल्या. संख्या लहान, पण वाट खरी.

आता आपल्याकडे पाहू. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेला श्रमिक परळच्या टाटा रुग्णालयात जातो, तेव्हा ह्या औषधाची किंमत ऐकूनच परततो. त्या रुग्णालयाने २०२२ साली सिद्ध केले, की नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून वीस मिलिग्रॅम निव्होलुमॅब इतर गोळ्यांबरोबर दिले, तर वर्षाअखेर जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १६ वरून ४३ वर जाते. गरिबाच्या दृष्टीने हा शोध मोठाच.

उरतो तो पोटाचा प्रश्न. वर सांगितलेले प्रयोग परदेशी अन्नावर वाढलेल्या माणसांवरचे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात भारतीयांच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास झाला आहे. तो कर्करोगाच्या वॉर्डापर्यंत पोचला पाहिजे. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या पोटाचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवाच.

तोवर भिगवणच्या बाजारात कोणी दह्याने वा पुडीने कर्करोग बरा करतो म्हणाला, तर त्यास पुरावा विचारावा. सर्दीतापास दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. डॉक्टरने दिले तर मात्र पुरते घ्यावे. स्वस्त मात्रा जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळावी, ही मागणी मात्र एकेकट्याने होणार नाही. ती आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.