आमच्या शिल्पांतील विद्रूप मंडळी

देवळांत किंवा लेण्यांत गेलेला सुशिक्षित मनुष्य सुंदर मूर्तीपुढें थांबतो आणि कुरूप मूर्तीवरून नजर काढून घेतो. सुंदर मूर्ति दिसली म्हणजे कारागीर निष्णात होता असें तो म्हणतो; एखादा ढेरपोट्या, चपट्या नाकाचा, दांत विचकणारा खुजा दिसला म्हणजे येथें हात बसला नसावा, हें काम कोणा शिकाऊ पोराकडे सोंपविलें असावें, असा तर्क करतो. हा तर्क साफ चुकीचा आहे. महाराष्ट्रांतील शिल्पाचा दोन हजार वर्षांचा इतिहास चाळला तर असें दिसतें कीं, हें वेडेंविद्रें रूप अडाणीपणानें झालेलें नसून हौसेनें घडविलेलें आहे, आणि घडविणारे हात पुष्कळदां चांगले तयार असत.

याचा सर्वांत बोलका पुरावा पितळखोरें येथें मिळाला. मराठवाड्याच्या वायव्य टोंकाला, कन्नड तालुक्यांतील डोंगरांत, हीं बौद्ध लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांच्या खोदाईस आरंभ झाला. त्या काळीं प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण, हें मोठें व्यापारी शहर होतें. येथील लेखांत ज्या देणगीदारांचीं नांवें आहेत, त्यांत पैठणचा एक गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. एक राजवैद्यही आहे. लेण्यांपुढें सांचलेला दगडमातीचा ढीग १९५० नंतरच्या दशकांत पुराणवस्तु खात्याचे म. न. देशपांडे यांनीं उपसविला, तेव्हां त्यांतून एक यक्ष बाहेर आला. तो आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

मूर्ति बुटक्या माणसाची. दोन्ही हात वर करून त्यानें डोक्यावर एक पसरट पात्र तोलून धरलें आहे. पोट सुटलेलें, पाय आंखूड, मान जवळजवळ नाहींच, गाल फुगलेले. तोंडावर असें हसूं कीं, ओझ्याचा त्याला त्रास होत आहे कीं मौज वाटत आहे, हें सांगणें कठीण. अंगावरचे दागिने मात्र मोठ्या निगुतीनें कोरलेले आहेत. आणि त्याच्या हाताच्या मागल्या बाजूस ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. ती सांगते कीं, हें काम कण्हदास नांवाच्या हिरण्यकारानें, म्हणजे सोनारानें, केलें.

या एका ओळीपाशीं थोडें थांबलें पाहिजे. लेण्यांतील बहुतेक लेख दात्यांचे आहेत, करणाऱ्यांचे नव्हेत. ज्यानें खांब दिला त्याचें नांव राहिलें. ज्यानें तो घडविला त्याचें गेलें. पितळखोऱ्यास भव्य द्वारपाल आहेत, विहाराच्या जोत्याशीं हत्तींची सुरेख रांग आहे. परंतु कारागिराचें नांव आपणांस भेटतें तें एका ढेरपोट्या हसऱ्या बुटक्याच्या हातावर. ज्या कामाची लाज वाटते त्यावर मनुष्य सही करीत नाहीं.

शिवाय हा मनुष्य जातिवंत पाथरवट नव्हे, सोनार. त्याचा हात गुंजेच्या हिशेबाचा. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीं, म्हणजे हस्तिदंताचें काम करणाऱ्यांनीं, कोरीव काम केल्याचा लेख आहे. तेव्हां नाजूक धंद्यांतील कारागीर दगडाकडे वळत, ही गोष्ट त्या काळीं नवलाची नव्हती. ज्या बोटांना कर्णफुलाची पाकळी साधत होती त्यांना सरळ नाक साधत नव्हतें, असें कोण म्हणेल? नाक चपटें आहे, कारण कण्हदासाला तें चपटें हवें होतें.

असें कां हवें असावें, याचा उलगडा पुढें भरताच्या नाट्यशास्त्रांत होतो. विकृत रूप, विकृत वेष, विकृत बोलणें यांतून हास्यरस उपजतो, असें तें शास्त्र सांगतें. आणि प्रत्येक रसाला एकेक देवता नेमून देतांना शृंगाराला विष्णु दिला, तर हास्याला प्रमथ दिले. प्रमथ म्हणजे शंकराचे गण. तेच ते खुजे, मोठ्या पोटाचे, वांकड्या तोंडाचे. म्हणजे हसणें ही एक देवकार्याची शाखा, आणि तिचे अधिकारी हे विद्रूप लोक. मूर्तिशास्त्रानेंही त्यांना वाऱ्यावर सोडलें नाहीं. देवांची उंची नऊ-दहा ताल धरावयाची, तर गणपतीची पांचच ताल. बेढबपणालाही माप होतें. गणपतीचें तुंदिलतनु रूप घरोघरीं पूजिलें जातें, आणि रोजच्या सवयीनें त्यांतील गंमत कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

कण्हदासानंतर सुमारें सहाशें वर्षांनीं, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें. डोंगरांत कोरलेलें छत कोणीं धरून ठेवावें लागत नाहीं. तें डोंगरच धरतो. तरी तेथील कारागिरांनीं लाकडी घरासारख्या तुळया छतांत कोरल्या, आणि त्यांच्या टोंकांखालीं जाडजूड बुटके बसविले. जेथें भार नाहीं तेथें भार वाहण्याचें हें सोंग! शेजारीं, त्याच लेण्यांत, नंदाच्या कथेचें अत्यंत करुण चित्र रंगविलेलें आहे. ज्या आश्रयदात्याला तें कळलें त्याला हे बुटकेही कळले असलेच पाहिजेत. पहिल्या लेण्यांत एका खांबाच्या माथ्यावर चार हरणें आहेत, आणि चोहोंत मिळून डोकें एकच. एकेक धड वेगळें पाहिलें तर प्रत्येकाला तें डोकें नेमकें बसतें. चारही एकदम पाहिलीं म्हणजे पाहणारा चकतो. धर्माचा उपदेश म्हणून त्याचा कितीही अर्थ लावला, तरी मूळ हेतु खोडीचा होता हें लपत नाहीं.

वेरुळास ही खोडी अधिक धीट झाली. शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसलीं आहेत, असा देखावा तेथें एकाहून अधिक लेण्यांत आहे. वर देवांचा खेळ, आणि खालीं गणांचा. नंदीभोंवतीं त्यांची झुंबड उडाली आहे. कोणी त्याच्या पाठीशीं, कोणी शेपटीशीं झोंबतो आहे, आणि तो बिचारा सोसतो आहे. रावण कैलास हालवितो त्या प्रसंगांत तर एका ठिकाणीं एक गण दहा तोंडांच्या त्या राजाकडे पाठ करून आपला पार्श्वभाग उघडा दाखवितो. वर पार्वती भयानें शिवाला बिलगली आहे, पर्वत डळमळतो आहे, आणि कारागिराला ही चेष्टा सुचली! त्यानें ती कोरली, कोणीं पुसली नाहीं, आणि भाविकांनीं तेराशें वर्षें तिच्यापुढें हात जोडले. काळ आणि काली यांचीं हाडांचे सांपळे झालेलीं रूपेंही वेरुळास आहेत. पण तीं भयानक रसाचीं, त्यांचा विचार येथें नको.

आतां लेण्यांकडून देवळांकडे यावें. चाकूर मध्यावर धरलें तर दक्षिणेस निलंग्याचें नीळकंठेश्वर, पूर्वेस देगलूरजवळचें होट्टल, उत्तरेस औंढा नागनाथ आणि वायव्येस अंबाजोगाई व धर्मापुरी, असा चालुक्य-यादवकालीन देवळांचा एक मोठा वेढा पडतो. या काळच्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवरील सुरसुंदरी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आरसा पाहणारी, पायांतील कांटा काढणारी, पत्र लिहिणारी. त्यांच्यावर लेख झाले, त्यांचीं छायाचित्रें निघालीं. पण मंडपांत शिरून मान वर केली म्हणजे खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या खालीं, भारवाहक यक्ष दिसतात. शिल्पज्ञ त्यांना कीचक असेंही म्हणतात. हे कण्हदासाच्या बुटक्याचेच वंशज. बाराशें-चौदाशें वर्षांत राजे बदलले, धर्म बदलला, दगड बदलला. ओझें वाहणारा मात्र तोच. पुष्कळदां त्याला आतां चार हात दिले आहेत, दोन हातांनीं काम भागत नसे म्हणून कीं काय! आणि येथील भार सोंगाचा नाहीं. माथ्यावर खरोखरच शिळांचें छत आहे.

पायांखालींही एक मुखवटा असतो. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर दोहों बाजूंस बटबटीत डोळ्यांचें, जबडा वासलेलें, खालचा ओठ नसलेलें तोंड कोरतात, तें कीर्तिमुख. त्याची कथा पुराणांत आहे. जालंधरानें राहूला दूत करून शिवाकडे पाठविलें आणि पार्वतीची मागणी केली. क्रोधानें शिवाच्या भ्रूमध्यांतून एक भुकेलें भूत निघालें. राहु शरण आला, त्याला अभय मिळालें; मग भूत म्हणूं लागलें, आतां मीं खावें काय? शिवानें सांगितलें, स्वतःलाच खा. तें आज्ञाधारक भूत हातपाय, पोट, छाती खात खात वर आलें, आणि तोंड तेवढें उरलें. शिव प्रसन्न झाला. त्यानें त्याला कीर्तिमुख असें नांव दिलें, आणि त्याचें पूजन केल्यावांचून कोणी आपल्या दारांत येऊं नये असा वर दिला. इतक्या कुरूप तोंडाला इतकें कीर्तिमान नांव अन्य कोठें मिळालें असेल असें वाटत नाहीं.

असे लोक एकट्या भारतांतच होते असें मात्र नव्हे. युरोपांतील गॉथिक देवळांच्या पन्हळींना राक्षसांचीं तोंडें आहेत. पावसाचें पाणी तीं ओकतात. बाराव्या शतकांत बर्नार्ड नांवाच्या मठाधिपतीनें, वाचन करणाऱ्या संन्याशांच्या डोळ्यांपुढें हीं विचित्र जनावरें कशाला, म्हणून मोठी तक्रार केली. तक्रारीच्या ओघांत त्यानें त्यांचें वर्णन इतक्या बारकाईनें केलें कीं, त्यानें तीं पुष्कळ वेळ न्याहाळलीं असावींत. इटलींत बोमार्झो येथें सोळाव्या शतकांत एका सरदारानें प्रचंड राक्षसांचा बगीचाच उभारला.

असें असूनही एकोणिसाव्या शतकांत भारतीय मूर्तींवर मोठा गहजब झाला. रस्किन यानें १८५८ सालीं लंडनमध्यें व्याख्यान दिलें. तें १८५९ सालीं ‘द टू पाथ्स’ या ग्रंथांत छापलें गेलें. त्याचें म्हणणें असें कीं, भारतीय कलावंत निसर्गांतील वस्तु काढीतच नाहीं. मनुष्याच्या जागीं तो आठ हातांचा राक्षस काढतो. सत्तावन सालच्या रक्तपाताचा राग त्यांत मिसळला होता, हें उघड आहे. पुढें १९१० सालीं हॅवेल यांच्या व्याख्यानाच्या वेळीं सर जॉर्ज बर्डवुड यांनीं जावा बेटांतील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगाशीं केली. हे बर्डवुड बेळगांवास जन्मलेले, मुंबईंत नोकरी केलेले, आणि येथील हातकारागिरीचे खरे चाहते; त्यांची ही तऱ्हा! या बोलण्याचा लंडनमध्यें निषेध झाला आणि त्याच वर्षीं इंडिया सोसायटी स्थापन झाली.

हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनीं भारतीय कलेची बाजू मोठ्या हिरिरीनें मांडली, याबद्दल त्यांचे उपकार आहेतच. परंतु त्यांचा सारा भर ध्यान, शांति आणि अध्यात्म यांवर होता. टीकाकार म्हणाले, हे राक्षस आहेत. कैवारी म्हणाले, हें गूढ तत्त्वज्ञान आहे. ही थट्टा आहे, असें म्हणावयास फारसें कोणी पुढें आलें नाहीं. त्यामुळें आमचा इंग्रजी शिकलेला वर्ग नटराजापुढें नम्र झाला, तरी नंदीचें शेपूट धरणाऱ्या गणाकडे पाहून ओशाळतच राहिला.

शिकलेले ओशाळत होते त्याच काळांत नागपुरास न ओशाळणारे लोक होते. तेथें १८८१ सालापासून काळी मारबत आणि १८८५ सालापासून पिवळी मारबत निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं बांबू व कागद यांच्या या प्रचंड बाया, शक्य तितक्या भेसूर करून, वाजतगाजत मिरवितात आणि शेवटीं जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध लोक भोसले घराण्यांतील बांकाबाईशीं जोडतात. सोबत बडगे असतात, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्यांच्यावर त्या त्या वर्षाचा राग काढावयाचा. महागाई, लांचखाऊ अधिकारी, रोगाची सांथ, परदेशचा एखादा सत्ताधीश, कोणाचीही पाळी येते. येथें छिन्नी नाहीं, शास्त्र नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं वस्तुही उरत नाहीं. पण पुतळा जितका कुरूप साधेल तितकी मंडळाची शाबासकी, हा न्याय कण्हदासाला परका वाटला नसता.

मराठवाड्यांत ही कला दगडाची आहे, म्हणून ती जळत नाहीं. ती दुसऱ्या रीतीनें जाते. कित्येक गांवीं पडक्या देवळाचे खांब पारावर, वेशींत, विहिरीच्या कांठीं येऊन पडले आहेत. कांहींवर चुन्याचे थर आहेत, कांहींना तैलरंग फांसला आहे. जीर्णोद्धारांत उंबरठ्यावर गुळगुळीत फरशी बसली म्हणजे कीर्तिमुख खालीं दडतें. सुरसुंदरी फुटली तर हळहळणारे निघतात. कीचकाचें नाक गेलें तर तें पूर्वींपासूनच चपटें असावें असें वाटून कोणी चौकशी करीत नाहीं. चाकूर, निलंगा, देगलूर या तालुक्यांतील शाळांच्या वरच्या वर्गांना ही नोंद घेणें मुळींच अवघड नाहीं. एक वही, एक फूटपट्टी आणि सुटीचे दोन दिवस पुरतील. गांव लिहावें, खांब कोणता तें लिहावें, हात दोन कीं चार तें मोजावें, आणि ओझ्याखालीं तो हसतो आहे कीं नाहीं तें नीट पाहून पुढें टिपावें.