रेसिडेंट ईव्हिल ६

रेसिडेंट ईव्हिल ६ : ‘कॅपकॉम’ या जपानी कंपनीच्या भयगेम-मालिकेतला सहावा क्रमांकित व्हिडिओ गेम. जपानमधलं नाव ‘बायोहॅझर्ड ६’. दिग्दर्शक एइइचिरो सासाकी. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, संगणकावर मार्च २०१३ मध्ये. मालिकेतला सर्वांत मारधाडीचा आणि सर्वांत वादग्रस्त भाग म्हणून तो ओळखला जातो.

१९९६ चा पहिला गेम टंचाईवर उभा होता. स्पेन्सर वाड्यात काडतुसं मोजकी, सामान ठेवायला जागा अपुरी, कॅमेरा जागच्या जागी खिळलेला. खेळ जतन करायलाही शाईची रिबन खर्ची पडे. झोंबीला मारण्यापेक्षा चुकवून जाणं परवडायचं. २००५ च्या चौथ्या भागात दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला, २००९ च्या पाचव्यात दोघांनी जोडीने खेळायची सोय आली. सहावा भाग याच वाटेवर, पण बेभान धावत सुटला.

कथा चार पात्रांच्या चार मोहिमांत विभागलेली आहे : लिऑन, ख्रिस, जेक आणि एडा. पहिल्या तिघांना सोबती आहेत, मोहिमा अधूनमधून एकमेकींना छेदतात. लिऑनची सुरुवात विद्यापीठाच्या अंधाऱ्या इमारतीत आणि पुढे स्मशानात होते. जुन्या चाहत्यांना हवी ती भीती मुख्यतः इथेच सापडते. जेकच्या मागे लागलेला उस्तानाक हा अजस्र शिकारी तिसऱ्या भागातल्या नेमेसिसची आठवण करून देतो. ख्रिसची मोहीम सर्वांत फिकी. तिथले ‘जे-आवो’ नावाचे शत्रू बंदुका चालवतात, त्यामुळे खेळाडू भिंतीआड दबा धरून गोळीबार करत राहतो आणि भयगेमचा युद्धगेम होतो.

लढाईची रचना मात्र आजही दाद देण्याजोगी आहे. धावता धावता घसरत जाणं, मागे झोकून देऊन पाठीवर पडल्या पडल्या गोळ्या झाडणं, नेमक्या क्षणी वार परतवून शत्रूला एका फटक्यात लोळवणं, हे सगळं पात्राच्या अंगात आहे. हाणामारीने दमाची पट्टी रिकामी होते, त्यामुळे नुसती बटणं बडवून भागत नाही. पण ही विद्या गेम नीट शिकवतच नाही. कित्येकांनी मोहिमा संपवल्या तरी तिचा निम्मा भाग त्यांना ठाऊक नव्हता. तिचं खरं मैदान म्हणजे ‘मर्सिनरीज’ हा घड्याळ लावून खेळायचा प्रकार. नावं ठेवणारेही त्याला मोकळ्या मनाने चांगलं म्हणतात.

म्हणून दोष मारधाडीच्या माथी मारणं पुरेसं नाही. निर्मात्यांचाच तिच्यावर भरवसा नव्हता, असं गेम खेळताना जाणवतं. दर थोड्या वेळाने कॅमेरा खेळाडूच्या हातून काढून घेतला जातो, काहीतरी कोसळतं, स्फोट होतो आणि पडद्यावर दिसेल ते बटण झटपट दाबायचं फर्मान सुटतं. चुकलं की मरण, पुन्हा तेच. इतकी शिकवण्याजोगी लढाई हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी, हे कोडंच आहे.

भीती ओसरण्याचं कारण वेगळं. मेलेला शत्रू काडतुसं आणि कौशल्यगुण मागे ठेवतो, म्हणजे मारणं फायद्याचं ठरतं. घायाळ होऊन पडलं तर सोबती उठवतो. मराठी भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थ-कथांमध्ये ‘समर्थ’ हा तारणहार असतो, तरीही भय टिकतं. कारण वाचक पछाडलेल्या माणसाच्या बाजूने गोष्ट अनुभवतो. इथे खेळाडू पहिल्या क्षणापासून स्वतःच समर्थ असतो.

समीक्षकांचं मत दुभंगलं. पहिल्याच खेपेत ४५ लाख प्रती दुकानांत पाठवल्या गेल्या, तरी कॅपकॉमला विक्रीचा ७० लाखांचा अंदाज खाली आणावा लागला. पुढे स्वस्त आवृत्त्या आणि २०१६ मधल्या नव्या यंत्रांवरच्या पुनःप्रकाशनामुळे एकूण विक्री एक कोटीच्या पलीकडे गेली. २०१७ च्या सातव्या भागात कंपनीने खेळाडूला लुइझियानातल्या एका घरात कोंडलं, कॅमेरा थेट पात्राच्या डोळ्यांत बसवला आणि सामानाची जागा पुन्हा अपुरी केली.